हसू कुठं आलं ते आधी लिहा : नागराज मंजुळे यांचे सिनेमे गावात बसून कसे अभ्यासावेत

'फँड्री' आमच्या समाजमंदिरात पहिल्यांदा लावला तेव्हा डुकरं धरायच्या प्रसंगाला लोक पोट धरून हसले. पडद्यावरचं गाव जमून हसत होतं आणि पडद्यासमोर आमचं गाव सतरंजीवर बसून हसत होतं. थोड्या वेळानं जब्यानं, म्हणजे सिनेमातल्या मुख्य पोरानं, भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर आला आणि पडदा काळा झाला. कोणी उठेना. मागून एक म्हातारे बाबा म्हणाले, "झालं काय बे? लाइन गेली काय?"

दुसऱ्या दिवशी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक पोरगी वाचनालयात आली. पुस्तक बदलून घेतलं आणि जाता जाता दारातून म्हणाली, "भाऊ, काल आपण कायले हासलो जी?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या प्रश्नापासून आमचं सिनेमा-मंडळ सुरू झालं. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका लहान गावात, वाचनालयाच्या खोलीत, सहा-सात जणांचं. चार वर्षांत जे जमलं आणि जे फसलं ते इथं पायरी-पायरीनं लिहितो. आम्ही मंजुळ्यांचे सिनेमे घेतले, तुम्ही दुसरा कोणी घ्या. रीत तीच राहील.

एकच माणूस धरा, आणि लहान सिनेमापासून सुरू करा

दहा दिग्दर्शकांचा एकेक सिनेमा पाहून गप्पा होतात, अभ्यास होत नाही. एका माणसाचे चार सिनेमे क्रमानं पाहिले की तो कुठं पुन्हा पुन्हा थांबतो ते दिसायला लागतं. मंजुळ्यांचा क्रम असा: 'पिस्तुल्या' (२००९), 'फँड्री' (२०१३), 'सैराट' (२०१६), 'पावसाचा निबंध' (२०१७), 'झुंड' (२०२२). यातले 'पिस्तुल्या' आणि 'पावसाचा निबंध' हे लघुपट आहेत.

क्रम महत्त्वाचा असला तरी मंडळाची सुरुवात 'पावसाचा निबंध'नं करा. अर्ध्या तासाच्या आत संपतो. शाळेनं पोराला पावसावर निबंध लिहून आणायला सांगितलाय आणि घर गळतंय. ज्यांच्या डोक्यावर टिनपत्रे आहेत, पत्र्यावर दगड ठेवलेत आणि खाली गंज-पातेली मांडून ज्यांनी रात्री काढल्यात, त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्या इथं पहिल्या बैठकीला सगळ्यात जास्त बोलली ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली एक बाई. पदवीधर मंडळी 'प्रतीक' शोधत बसली होती.

व्यवस्थेचं थोडक्यात सांगतो. सार्वजनिक जागी सिनेमा दाखवायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. घरी बघायला घेतलेलं ओटीटीचं सदस्यत्व समाजमंदिरात चालत नाही. हे आम्हाला उशिरा कळलं. त्यानंतर आम्ही सहा-सात जण कोणाच्या तरी घरी टीव्हीवर बघतो. मोठा पडदा नसला तरी चालेल, आवाज मात्र नीट हवा, कारण या सिनेमांत निम्मी गोष्ट आवाजात आहे. लाइनचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर कोणाकडे आहे ते आधीच हेरून ठेवा.

वेळ ठरवणं हीच पहिली परीक्षा असते. आम्ही संध्याकाळी सहाची वेळ ठेवली तेव्हा फक्त पोरं आली, तीही ज्यांच्या घरी गडी आहे अशी. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सात वाजता घरी येतात, मग चूल, मग भांडी. म्हणून दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या बैठका बंद असतात. तुरी निघाल्या, शेत जरा मोकळं झालं, की रात्री साडेआठला सुरू. कोण येऊ शकलं नाही हेही वहीत लिहून ठेवतो. आर्थिक वर्गावर बोलायचं असेल तर तिथूनच सुरुवात होते.

पहिल्यांदा बघताना फक्त खोलीकडे बघा

पहिल्या वेळी सिनेमाची टिपणं काढू नका. एकाला खोलीचा नकाशा काढायला बसवा. खुर्चीवर कोण, सतरंजीवर कोण, दारात उभं कोण, चहा कोणी आणला. मग हसू कुठं आलं, गप्प कुठं झाले, मोबाइल कोणी कुठं काढला, एवढंच मिनिटासकट लिहायचं.

हे येडपटासारखं वाटेल. आम्हालाही वाटलं. पण 'फँड्री' दुसऱ्यांदा लावला तेव्हा आमच्या नकाशात सरळ दिसलं की डुकराच्या प्रसंगाला सगळे हसले नव्हते. दाराजवळचे तिघं हसले नव्हते. ते तिघं कोण आणि दाराजवळच का बसले होते, यावर आमची एक पूर्ण बैठक गेली.

याच ठिकाणी माझ्याकडून मोठी चूक झाली. त्या तिघांतल्या एका पोराला मी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला काय वाटलं? तुमच्याकडे असं असते ना?" तो "काई नाई" म्हणाला आणि पुढच्या वेळेपासून आलाच नाही. मी त्याला प्रेक्षकातून उठवून पडद्यावर नेऊन उभं केलं होतं. तेव्हापासून आमचा एक नियम आहे: कोणालाही त्याच्या समाजाच्या वतीनं बोलायला लावायचं नाही. सांगावंसं वाटलं तर तो स्वतः सांगेल. उलट ज्यांना हसू आलं त्यांनी आधी बोलायचं.

दुसऱ्यांदा बघताना तीन रकाने

आता वही काढा. पानावर तीन उभे रकाने आखा: काम कोण करतंय, बसलंय कोण, कॅमेरा कुठं उभा आहे. सबंध सिनेमा असा लिहू नका, जीव जाईल. तीन प्रसंग निवडा आणि दर अर्ध्या मिनिटाला थांबवून भरा.

'फँड्री'तला डुक्कर धरायचा प्रसंग घेऊ. जब्याचं घर कैकाडी समाजाचं. सिनेमाचं नाव त्यांच्याच भाषेतलं आहे, त्याचा अर्थ डुक्कर. बाप कचरू, म्हणजे किशोर कदम, आई आणि पोरं मिळून गावातली डुकरं धरतात. शाळेतली पोरं बघतायत, जब्याला आवडणारी शालू बघतेय आणि जब्या तोंड लपवतोय. पहिला रकाना: चार-पाच माणसं. दुसरा रकाना: सगळं गाव. इथवर कोणीही सांगेल. तिसऱ्या रकान्याला मात्र खरी मेहनत आहे. कॅमेरा कधी गावकऱ्यांच्या अंगानं बघतो, तेव्हा ही धावपळ तमाशासारखी दिसते. कधी तो जब्याच्या उंचीवर येतो, आणि मग तेच गाव भिंतीसारखं दिसतं. आमच्या वहीप्रमाणे आम्ही हसलो ते बहुतेक पहिल्या जागेवरून. म्हणजे दिग्दर्शकानं आपल्याला आधी गावात बसवलं, हसू दिलं आणि मग दगड मारला. बाबा म्हणत होते तशी लाइन गेली नव्हती.

त्याच प्रसंगात डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. इथं थांबवा आणि पहिला रकाना बघा: काम थांबलंय. पण नुकसान कोणाचं झालं? उभे तर सगळेच राहतात, काहींची मजुरी जाते आणि काहींचं काहीच जात नाही. हे एका वाक्यात कोणी म्हटलं असतं तर भाषण झालं असतं. इथं ते डुकराच्या चालीवर सोडलंय.

मग डुक्कर काठीला बांधून नेताना मागं शाळेची भिंत येते. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा. पहिल्यांदा बघताना आमच्यातल्या कोणाचंच भिंतीकडे लक्ष गेलं नव्हतं, आणि गाडगेबाबा तर आमच्या वऱ्हाडातले. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव त्यांचं, हातात झाडू घेऊन गावंच्या गावं झाडणारे. एक जण म्हणाला, "बाबा भिंतीवर अन् झाडू दुसऱ्याच्या हातात." मी ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्याच शाळेत चोखामेळ्याचा अभंग शिकवला जातो तो प्रसंगही जोडून बघा. चोखोबांचं जन्मगाव म्हणून परंपरा बुलडाण्यातल्या मेहुणाराजाकडे बोट दाखवते, म्हणजे तेही आपलेच. पाठ करून घेतलेला संत आणि वर्गात मागं बसलेलं पोर एकाच चौकटीत आहेत, एवढं पोरांना दाखवा. पुढचं ती बोलतात.

जात आणि वर्ग एका रकान्यात कोंबू नका

अभ्यासमंडळात हमखास होणारा घोळ हा. कोणी म्हणतं, "शेवटी सगळा पैशाचा खेळ आहे." कोणी म्हणतं, "पैशाचं काय घेऊन बसले, जात पाहा." वाद घालू नका, 'सैराट' लावा. आणि दोन रंगांचे पेन घ्या.

आर्ची पाटलाची. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वाडा आहे. परश्याच्या घरी मासेमारी. तो अभ्यासात हुशार, क्रिकेटमध्ये पुढं. इथं दोन्ही रंग एकाच बाजूला झुकलेत. पण दोघं पळून हैदराबादला जातात तिथं रंग वेगळे होतात. आर्ची एका झटक्यात झोपडपट्टीत येते, कारखान्यात कामाला लागते. वर्गाच्या शिडीवर ती सगळ्यात खाली. मग हळूहळू पगार, घर, गाडी, लेकरू. वर्गाची जखम भरत आलीय. आणि तेव्हाच माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात आणि दोघांना मारून जातात. पैशाच्या रंगानं काढलेली रेघ वर चढत असताना जातीच्या रंगाची रेघ जिथल्या तिथं होती. वहीत ती दोन रंगांत काढा, बोलायची गरजच पडणार नाही. शेवटच्या प्रसंगाला आवाज काढून टाकलाय, तेही टिपा. ज्या सिनेमाचं संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन सिंफनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं, त्याचा शेवट मुका आहे.

भाषेकडे मी फार वेळ देत नाही, पण एक गंमत सांगतो. 'सैराट'मधली करमाळ्याकडची बोली आमच्या पोरांना पहिली दहा मिनिटं परकी वाटली. "हे काहून असे बोलून राह्यले?" असं विचारत होती. नंतर 'झुंड' लावला. नागपूरच्या विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कामावर बेतलेला, तिथंच चित्रित झालेला, वस्तीतली पोरं घेऊन केलेला. बोली कानावर पडली तशी सगळी सावरून बसली. कारण शहरातल्या सिनेमा-नाटकात आपली बोली आली की ती बहुधा विनोदासाठी येते. 'झुंड'मध्ये तीत शिव्या आहेत, थट्टा आहे, आणि रडूही आहे. पडद्यावरच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलण्याला आपण स्वतःच कुठं हसलो, तेही नकाशात लिहा.

बाहेरचा एक सिनेमा शेजारी ठेवा

आपल्या जातीबद्दल बोलताना आपण एक तर तापतो किंवा गुळमुळीत होतो. म्हणून मधेच एक परका सिनेमा ठेवावा. आम्ही चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' ठेवला. बर्नेट कृष्णवर्णीय अमेरिकन दिग्दर्शक, लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत वाढलेले. विद्यापीठातला प्रबंध म्हणून त्यांनी हा सिनेमा १९७७ मध्ये पुरा केला. १६ मिमी, कृष्णधवल, बरंचसं चित्रण शनिवार-रविवारी, वस्तीतली माणसं आणि मित्र घेऊन, दहा हजार डॉलरच्या आत. नायक स्टॅन कत्तलखान्यात काम करतो आणि त्याला झोप येत नाही. एवढीच गोष्ट.

यातला इंजिनचा प्रसंग बघाच. स्टॅन आणि त्याचा मित्र घामाच्या पैशानं जुनं इंजिन विकत घेतात, जिन्यावरून मरमर करत खाली आणतात, गाडीच्या मागच्या कडेवर ठेवतात. गाडी सुरू होते, इंजिन रस्त्यावर पडतं, फुटतं. ते तिथंच सोडून दोघं निघून जातात आणि कॅमेरा गाडीतून मागं पडत जाणारं इंजिन बघत राहतो. आमच्या इथं विहिरीवरची मोटर जळणं ज्यानं पाहिलंय त्याला हा प्रसंग भाषेशिवाय कळतो. 'फँड्री'त जब्या सायकलवर बर्फाच्या कांड्या विकायला शहरात जातो आणि उधारीची सायकल ट्रकखाली चिरडते. दोन्ही प्रसंग लागोपाठ लावा. गरिबाच्या गोष्टीत वस्तू मोडली की गोष्टच दिशा बदलते.

पण बरोबरीचं चिन्ह घाईनं काढू नका. वंश आणि जात यांचं नातं जुनं आहे. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं. तरी तीन रकाने भरून पाहिले तेव्हा आम्हाला एक मोठा फरक सापडला. बर्नेटच्या सिनेमात 'बसलंय कोण' हा रकाना जवळजवळ रिकामाच राहतो. गोरी माणसं फारशी दिसतच नाहीत. सत्ता चौकटीच्या बाहेर आहे, तिचे परिणाम तेवढे आत आहेत: थकवा, मोडलेलं इंजिन, पडक्या जागेत खेळणारी पोरं. 'फँड्री'त मात्र गाव सतत चौकटीत आहे. वस्ती वेगळी असली तरी बघणारे डोळे वेगळे होत नाहीत. शिवाय वंश कातडीवर दिसतो, जात तशी दिसत नाही. ती कामातून, घराच्या जागेवरून, हाक मारायच्या पद्धतीतून दाखवावी लागते. सिनेमावाल्याला ही मेहनत कुठं घ्यावी लागली ते शोधणं हाच पुढचा अभ्यास.

सिनेमा कसा घडला : तीन शाया

घडणीबद्दल लोक फार बाता मारतात. म्हणून तीन शायांचा नियम करा. निळ्या शाईनं पडद्यावर दिसतं ते. काळ्या शाईनं दिग्दर्शकानं किंवा त्याच्या माणसांनी मुलाखतीत स्वतः सांगितलेलं, तारखेसह. लाल शाईनं आपला अंदाज. पहिल्या महिन्यात आमची वही लालभडक होती.

काळ्या शाईत काय येईल? मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. आधी कवी, 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा संग्रह. 'फँड्री'तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, आधी सिनेमात काम न केलेला गावाकडचा मुलगा, आणि त्याला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या समोर किशोर कदम यांच्यासारखा रंगभूमीवर मुरलेला नट, जे 'सौमित्र' नावानं कवीही आहेत. आता निळ्या शाईकडे या: हे दोघं एका चौकटीत असतात तेव्हा जास्त कोण हलतं? बोलणं कोणाच्या वाट्याला, बघणं कोणाच्या? आम्हाला दिसलं ते असं की जब्याला संवाद थोडे आणि बघायला भरपूर दिलंय. नवशिक्या पोराचा कच्चेपणा यात लपत नाही, उपयोगी पडतो. हे शेवटचं वाक्य लाल शाईतलं आहे, हे कबूल करतो.

पैशाचा रकाना विसरू नका. बर्नेटनी संगीताचे हक्क न घेता गाणी वापरली होती, विद्यार्थ्याला ते परवडणार कुठून? त्यामुळं सिनेमा चित्रपटगृहांत रीतसर लागायला २००७ उजाडलं. तीस वर्षं. कलाकृती कधी लोकांपुढं येते हेही वर्ग ठरवतो, याला याहून साधं उदाहरण मला सापडलेलं नाही.

शेवटची पायरी : एक मिनिटाचा शॉट

निबंध लिहून घेऊ नका. मी पहिल्या वर्षी प्रश्नपत्रिका वाटल्या, दुसऱ्या आठवड्यात खोली रिकामी. त्याऐवजी मोबाइलवर एक मिनिटाचा, न कापलेला शॉट काढायला सांगा. विषय एकच, जागा दोन.

आम्ही विषय दिला कापसाचा काटा. दिवसभर वेचून झाल्यावर बाया ओटीतला कापूस गाठोड्यात बांधतात, गाठोडं काट्याला लावतात, मालक आकडा बघतो आणि डायरीत लिहितो. एक मिनिट पुरतं. आधी सगळ्यांना, मालकालाही आणि बायांनाही, विचारून घ्या. आणि कोणाचा चेहरा नको असेल तर नको.

"आपण कायले हासलो" विचारणाऱ्या त्याच पोरीनं दोन शॉट आणले. पहिला मालकाच्या मागून: काट्यावरचा आकडा स्पष्ट, डायरी स्पष्ट, समोर रांगेत बाया, डोळे किलकिले करून बघणाऱ्या. दुसरा बायांच्या रांगेतून: मालकाची पाठ, उचललेलं गाठोडं, त्याखाली धरलेले दोन हात, बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे. काटा मालकाच्या खांद्याआड.

एका पोरानं लगेच खोट काढली. "दुसऱ्यात आकडाच दिसत नाई. अँगल चुकला तुह्या."

जिचे ते हात होते ती बाई खोलीत होती, दाराजवळ. ती म्हणाली, "चुकला नाई बाप्पा. मले तवाबी दिसत नसते."

त्या संध्याकाळच्या नकाशात हसण्याच्या जागी काहीच लिहिलेलं नाही.